चिकाची खूण

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या ओठांच्या कडेला एक काळपट डाग असतो. काढलेला आंबा घरी नेऊन पाण्यात टाकण्याइतका धीर मे महिन्यात कुणालाच नसतो. देठ मोडायचा आणि झाडाखालीच तोंडाला लावायचा. देठाशी साचलेला चीक ओठाला लागतो, कातडी भाजते, फोड येतो, खपली धरते, आणि खपली पडली तरी डाग राहतो. काही मुलांच्या बोटांची टोकं काळी पडलेली असतात. ती काजूच्या बिया भाजून फोडणाऱ्या घरांतली.

सिंधुदुर्गातल्या एका गावात मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. वर्गीकरणाचा धडा या डागांपासून सुरू करावा, हे सुचायला त्यातली आठ-नऊ वर्षं गेली. त्याआधी मी फळ्यावर शिडी काढायचे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मुलं ती पाठ करायची आणि पेपरात दोन पायऱ्यांची अदलाबदल करून यायची. चूक त्यांची नव्हती. ज्या शिडीवरून कुठे पोचायचं तेच माहीत नाही, तिच्या पायऱ्या कोण लक्षात ठेवील?

आता मी आधी डाग दाखवायला सांगते. हा कशाचा? आंब्याचा. हा? काजूच्या तेलाचा. मग विचारते, घरात आणखी कुणाच्या अंगावर असा डाग आहे का? थोडा वेळ कुणी बोलत नाही, आणि मग एखादी मुलगी हमखास सांगते, आजीच्या टाचेवर आहे, काटा मोडला होता तेव्हा बिब्ब्याचा चटका दिला होता, तो उतला. बिब्बा उतणं म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चांगल्या चाललेल्या कामात कुणी बिब्बा घातला असं आपण म्हणतो, त्यामागे अंगावर उठलेल्या फोडांचा अनुभव आहे.

मग फळ्यावर तीन नावं येतात: आंबा, काजू, बिब्बा. एक गोड, रसाळ फळ, एक मेव्याची बी, एक औषधाच्या डब्यातली काळी बी. बाजारात तिघांची दुकानंसुद्धा वेगळी. तिघांत सारखं काय? भाजणारा चीक. त्या चिकातली रसायनं एकमेकांची इतकी जवळची आहेत, की एकाची ज्याला ॲलर्जी असते त्याला दुसऱ्याचाही त्रास होण्याची शक्यता असते. आपली कातडी त्यांचं नातं ओळखते. हे तिघंही एकाच कुलातले. त्याला मराठीत आम्रकुल म्हणतात. श्रीखंडावरची चारोळी त्याच कुलातली, आणि चतुर्थीला ज्याचं रायतं होतं तो आंबाडाही त्यातलाच.

इथे एक मुलगा दरवर्षी विचारतो, म्हणजे अंबाडीची भाजीपण? मला या प्रश्नाची वाटच असते. नाही. अंबाडीचं नातं भेंडीशी, जास्वंदीशी आणि कापसाशी आहे. आंबाडा आणि अंबाडी यांना जोडलं ते आंबटपणाने आणि आपल्या जिभेने. नावात सारखेपणा आहे, नातं नाही.

काजू आणि बिब्ब्याचं मात्र उलटं आहे. बिब्ब्याच्या फळाला खाली एक नारिंगी, गरदार भाग असतो आणि त्याच्या टोकावर काळी बी. तो भाग सुकवला की त्याला बिब्ब्याची फुलं म्हणतात, पोरं आवडीने खातात. आता काजूचा बोंडू आठवा. गरदार देठ आणि टोकाला लटकलेली बी. घडण हुबेहूब तीच. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून गोव्यात उतरला, बिब्बा इथल्याच जंगलातला. मधे अख्खा महासागर. एवढ्या अंतराची भावंडं एकमेकांच्या शेजारी उभी राहिली ती आपल्या कोकणात, याचं मला अजून अप्रूप वाटतं. बिब्ब्याच्या शास्त्रीय नावातला ‘सेमेकार्पस’ हा शब्द ग्रीकमधून आला आहे. अर्थ, खूण करणारं फळ. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचे, ती कितीही धुतली तरी जात नसे.

वर्गीकरण म्हणजे डबे करून वस्तू भरणं नव्हे, हे मुलांना एकदा कळलं की बाजारात जायला मजा येते. मी त्यांना मासळीबाजारातली सहा नावं लिहून आणायला सांगते. बांगडा, मोरी, कोळंबी, कुर्ली, माकूल, तिसऱ्या. घरी सगळ्याला मासळीच म्हणतात, आणि रांधणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण कोळंबी आणि कुर्ली संधिपाद, म्हणजे विंचवाच्या आणि झुरळाच्या सोयऱ्या. माकूल आणि तिसऱ्या मृदुकाय, गोगलगाईच्या घरातल्या. राहिले बांगडा आणि मोरी. दोघांना कल्ले, दोघांना पर, दोघंही मासे. पण मोरीचा सांगाडा कूर्चेचा, बांगड्याचा हाडांचा. त्या हाडांच्या माशांच्याच एका फांदीतून पुढे जमिनीवर चालणारे चार पायांचे प्राणी आले, म्हणजे बेडूक, पाल, कावळा, आपण. म्हणून बांगड्याचं नातं मोरीपेक्षा तो विकणाऱ्या मावशीशी जवळचं आहे. हे पाठ्यपुस्तकात नाही, परीक्षेत येत नाही, तरी मी सांगते. दुसऱ्या दिवशी दोन-तीन मुलं सांगतात की घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही.

विश्वास ठेवायला वेळ लागतो हे खरंच. कार्ल लिनियसने १७३५ साली आपल्या वर्गीकरणाची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा देवमासा त्यात माशांमध्येच होता. पिल्लाला दूध पाजणारा हा प्राणी सस्तनांत गेला तो १७५८च्या दहाव्या आवृत्तीत. आपल्या भाषेत तो अजून देवमासाच आहे आणि राहू दे. पण त्याचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातलग पाणघोडा आहे. वनस्पतींच्या बाबतीत लिनियसने फुलातले पुंकेसर मोजून वर्ग पाडले. मोजायला सोपं, पण त्यात परके एका घरात आले आणि सख्खे दुरावले. चार्ल्स डार्विनने १८५९ साली सांगितलं की खरं वर्गीकरण वंशावळीवरून व्हायला हवं. तेव्हा कुठे त्या शिडीला मुळं फुटली आणि तिचं झाड झालं.

झाड म्हटलं की मला आमचे आप्पा आठवतात. माझे सासरे. मृगाचा पाऊस पडला की ते मागच्या पडवीत कोयकलमं करायला बसायचे. रायवळ आंब्याच्या कोयी रुजवलेल्या असायच्या. त्यांना तांबूस, लवलवीत पानं फुटली, की कोंब वरून कापून त्याला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, चिरेत बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. लग्न होऊन आले त्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, हापूसचीच कोय का नाही लावायची? त्यांनी मान वर न करता सांगितलं, “बाय, बाठ्यातसून आंबो येता, हापूस येना नाय.”

मी बी.एस्सी. झालेली. आनुवंशिकतेचा पेपर चांगल्या गुणांनी सुटलेली. पण त्या वाक्यात सबंध आनुवंशिकता आहे हे मला त्या दिवशी कळलं नाही. हापूसचं प्रत्येक कलम म्हणजे जुन्याच एका झाडाचा वाढवलेला अवयव. पोर्तुगिजांनी गोव्यात आंब्याची कलमं बांधायला सुरुवात केली. हापूस हे नावही अफोन्सु दे अल्बुकर्कवरून आलं असं सांगतात. काडीवरून काडी करत करत तेच शरीर आजवर चालत आलं आहे. कोयीचं तसं नाही. कोयीला आई आहे आणि बाप आहे. आई हापूस. बाप कोण, हे मोहोरावर बसलेल्या माशीला ठाऊक. आणि बाप हापूसच असला तरी कोयीतून हापूस येईलच असं नाही, कारण हापूसच्या पोटात त्याच्या दोन्ही पूर्वजांची, एकमेकांशी न जुळणारी जनुकं जोडीजोडीने बसलेली आहेत. कोय धरताना ते पत्ते पुन्हा पिसले जातात.

ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं हेच पत्ते मोजले. त्याने आंबा निवडला असता तर दुसरी पिढी फळावर यायलाच आयुष्याची कितीतरी वर्षं सरली असती. त्याने वाटाणा घेतला. वर्षात पीक हाताशी येतं, आणि फूल असं मिटलेलं असतं की बाहेरचा पराग सहसा आत शिरत नाही. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली कुठे? त्याने ती रोपं स्वतःशीच फळू दिली आणि दाणे मोजले: ७,३२४. त्यातले ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तिनास एक. सुरकुती गेली नव्हती, दबून बसली होती.

मुलांना मी हे आकडे तसेच देते, गोल करून देत नाही. कुणीतरी भागाकार करतं आणि ओरडतं, बाई, बरोबर तीन येत नाही! २.९६ येतं. मला तो ओरडा फार आवडतो. एका माणसाने सात हजारांवर वाटाणे एकेक करून हातात घेतले होते, हे त्या चार शतांशांच्या तुटीतून मुलांना समजतं. मेंडेलने १८६५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हे वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं, आणि १८८४ साली तो गेला. जगाने त्याची दखल घेतली १९०० साली.

आता ज्या प्रसंगाबद्दल मला खरं तर लिहायचं होतं त्याकडे येते.

आनुवंशिकतेच्या धड्याबरोबर मी एक तक्ता भरून आणायला द्यायचे. सगळीकडेच देतात. जिभेची पन्हळ करता येते का, कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली, आई, बाबा, भावंडं. जिभेची पन्हळ हा प्रभावी गुण, न जमणं हा अप्रभावी, म्हणजे दबून बसणारा, असं सांगायचं आणि मेंडेलच्या गणिताचा चौकोन मांडायचा. मुलं खूश असतात, वर्गभर जिभा बाहेर येतात.

एका वर्षी मधल्या सुट्टीत एक मुलगा शिक्षक-खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत येईना. मी बाहेर गेले. तक्ता त्याच्या हातात होता, नीट पट्टीने आखलेला.

“बाई, आईला जमत नाही. बाबांनापण नाही. मला जमतं.”

मला क्षणभर कळलंच नाही. तो खाली बघत म्हणाला, “तुम्हीच सांगितलं ना, दोघंही अप्रभावी असले तर मुलात प्रभावी येणार नाही?”

त्याने गणित अचूक केलं होतं. उत्तर काय येतं ते उच्चारायचं धाडस त्याच्यात नव्हतं, आणि माझ्यात तर नव्हतंच. मी म्हटलं, अरे, अपवाद असतात. ते शब्द किती पोकळ होते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तेरा-चौदा वर्षांचं पोर, रात्रभर हे घेऊन झोपलं होतं.

त्या आठवड्यात मी मिळेल ते वाचून काढलं. जिभेच्या पन्हळीबद्दल १९४० साली लिहिलं ते आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने. साधासुधा माणूस नव्हे, विद्यार्थिदशेत असताना गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा त्याने काढला होता. पण १९५२ साली कुणीतरी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तर त्यांतल्या ७ जोड्यांत एकाला पन्हळ जमत होती आणि दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, जीभ वेगळी. म्हणजे हा एका जनुकाचा साधा खेळ नव्हताच. १९६५ साली स्टर्टेव्हंटने स्वतःच लिहून ठेवलं, की हे उदाहरण अजून पुस्तकांत सिद्ध झाल्यासारखं दिलेलं पाहून आपल्याला संकोच वाटतो. मूळ माणसाने चूक मान्य केल्यावरही इतक्या वर्षांनी मी ती फळ्यावर लिहीत होते. कानाच्या पाळीचंही तसंच. सुटी आणि चिकटलेली असे दोनच प्रकार नसतात, मधल्या सगळ्या तऱ्हा असतात.

सोमवारी मी ते वर्गात सांगितलं. कुणाचं नाव न घेता. माझं चुकलं होतं असं सांगितलं, आणि जुळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. तो शेवटून दुसऱ्या बाकावर होता. त्याने वहीत ते आकडे उतरवून घेतले आणि त्यांच्याभोवती चौकट केली.

मग कुणीतरी विचारलं, रक्तगटाचं तरी पक्कं ना? मी हो म्हणणार होते. पण मुंबईतच १९५२ साली सापडलेली गोष्ट आठवली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त मिळालं, जे तपासणीत ‘ओ’सारखं दिसायचं, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्याला चालायचं नाही. ‘ए’ आणि ‘बी’ हे पदार्थ ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. या माणसांत तो पायाच नव्हता. जनुक ‘ए’चं असलं तरी भिंत उभी राहायला जागा नाही. म्हणून नुसत्या तपासणीत ‘ओ’ दिसणाऱ्या अशा माणसाला ‘ए’ गटाचं मूल होऊ शकतं. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एखाद्याचा असतो. मेंडेल इथे खोटा पडत नाही. एका जनुकाच्या खाली दुसरं जनुक उभं असतं, एवढंच. पण वरवरच्या एका खुणेवरून कुणाचं नातं ठरवायला निघालेल्या माणसाने हे आधी वाचावं.

तो तक्ता मी त्यानंतर कधीच दिला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला दरवर्षी नव्याने अवघड जाते. शिडीची शेवटची पायरी. तिथे मला जो शब्द लिहावा लागतो तो आहे जाती. शेतात भाताच्या जाती असतात, बागेत आंब्याच्या जाती असतात. विज्ञानात त्या जाती नव्हेत, ते वाण आहेत. हापूस, पायरी, केसर सगळे एकाच जातीचे, मॅन्जिफेरा इंडिका. आणि शाळेच्या रजिस्टरात आणखी एक रकाना असतो, त्याच्यावरही तोच शब्द आहे. मी फळ्यावर ‘माणूस, प्रजाती होमो, जाती सेपियन्स’ असं लिहिते तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो. आठवीतल्या मुलांना आपण समजतो त्याहून पुष्कळ जास्त कळतं.

दहावीच्या एका मुलीने मात्र हात वर केला होता. तिचे वडील त्या वेळी जातीच्या दाखल्यासाठी कागद जमवत होते, पणजोबांच्या शाळेतली नोंद शोधायला दोन तालुके फिरून आले होते. ती म्हणाली, “बाई, दाखल्याला सगळे कागद बाबांकडचेच लागतात. जनुकं तर अर्धी आईकडून येतात ना?”

मी तिला म्हटलं, अर्ध्याहून थोडी जास्तच. पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, ३७ जनुकं असतात, ती आईकडूनच येतात, आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. ती नोंद कुठल्याही कार्यालयात शोधावी लागत नाही. आणि कुठल्याही दोन माणसांचा डीएनए ताडून पाहिला तर सुमारे ९९.९ टक्के सारखा निघतो. दोन सजीव एका जातीचे आहेत का, हे ओळखायची एक खूण जीवशास्त्रात अशी आहे, की त्यांना संतती होते आणि त्या संततीलाही संतती होते. माणसांपुरतं तिचं उत्तर पृथ्वीवर सगळीकडे एकच आहे. तो दाखला तुझ्या हक्काचा आहे, तो मिळवच, हेही मी तिला सांगितलं. ज्या अन्यायासाठी तो लागतो तो माणसांनी केला, जनुकांनी नाही.

त्या दिवशी मी त्यांना एका ग्रंथाची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नराने, हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडेने, मलबारातल्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला, होर्तुस मलाबारिकुस. पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. झाडांची माहिती दिली ती इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी. चौघांची साक्ष त्या पहिल्या खंडात आहे, तिघांची नागरी लिपीत, कोकणीत. त्या काळी एका पंगतीला बसू न शकणारी ही माणसं त्या खंडात एकमेकांच्या शेजारी आहेत. पुढे लिनियसने आपल्याकडची झाडं ओळखताना हाच ग्रंथ समोर ठेवला. मुलीने विचारलं, म्हणजे नावं ठेवायच्या आधी त्यांना आपल्या वैद्यांना विचारावं लागलं? मी हो म्हटलं.

जिभेच्या तक्त्याच्या त्या वर्षी त्याच वर्गाने शाळेच्या टाकीमागे हापूसच्या तीन कोयी पुरल्या होत्या. कलम न करता, तशाच. दोन गेल्या. एक जगली, वाढली, कौलांच्या वर गेली. नवव्या वर्षी, यंदाच्या जानेवारीत, तिला मोहोर आला आणि पुढे अकरा फळं धरली. मे अखेरीला मी आणि गावातली पाच-सहा मुलं टाकीमागे गेलो. फळं लांबट होती, हापूसच्या मानाने लहान, खांद्याशी लालसर झाक. हापूसच्या जवळपाससुद्धा नव्हती. एक पोरगं मला विचारू लागलं, “बाई, ह्येची जात खंयची?”

मी म्हटलं, खाऊन बघ. त्याने देठ मोडला आणि तसाच तोंडाला लावला. रेषा होत्या, रस पातळ होता, आधी आंबट आणि मग कुठूनतरी लांबून हापूसचा वास. पाठोपाठ मीही एक घेतला. देठाशी ओठ चुरचुरला. शाळा उघडायला पंधरा दिवस होते.